पाचवा फॉर्म

बाइंडरला आपल्या कामाचा जरा जास्तच अभिमान होता, आणि खोटं कशाला बोला, अभिमान वाटावा असं त्याचं काम होतंही. तेवीस वर्षं त्याने छापखान्यात शाळेची पुस्तकं बांधली, पण पानं उलटसुलट लागली म्हणून एकही पुस्तक परत आलं नव्हतं. सोळा पानांचा घडी घातलेला एकेक फॉर्म हातात घ्यायचा, पानांचे आकडे बघायचे, एकावर एक रचायचे आणि शिवायचे. आत काय छापलंय ते वाचायच्या भानगडीत तो कधी पडला नाही. त्याची स्वतःची शाळा चौथीतच सुटली होती. "वाचत बसलो तर बांधणार कोण?" असं तो म्हणायचा आणि सगळे हसायचे.

त्याची एकुलती एक लेक बिट्टी, वय वर्षं तेरा. गेल्या वर्षी तिची आई अंथरुणाला खिळली तेव्हा बाप कामावर आणि लेक आईच्या उशाशी, अशी वाटणी झाली. सहा महिने पोरीने शाळेचं तोंड पाहिलं नाही. आई गेली ती परीक्षेच्या दहा दिवस आधी. बाकीच्या विषयांत बिट्टीने कसंबसं निभावलं, गणितात मात्र नापास झाली.

मुख्याध्यापिका काही दगडाच्या नव्हत्या. त्यांनी बापलेकीला समोर बसवून सांगितलं, "सुट्टीत पुढच्या वर्गाचं गणित करून ठेव. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी अर्ध्या पुस्तकावर चाचणी घेऊ. पास झालीस तर मैत्रिणींबरोबर वर जाशील. नाही झालीस, तर पुन्हा याच वर्गात बसावं लागेल." पुस्तक यंदा बदललं होतं आणि ते शाळा सुरू झाल्यावरच दुकानात येणार होतं. पण गणिताच्या बाईंकडे तपासणीसाठी एक कच्ची प्रत आधीच आली होती. आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे येऊन बस, असं मुख्याध्यापिकांनी सुचवलं.

इथे बाइंडरची मान ताठ झाली. "बाईंना सुट्टीत कशाला त्रास? पुस्तकाचं माझ्याकडे लागलं. ते आमच्याकडेच बांधलं जातंय."

बिट्टीने बापाकडे पाहिलं आणि ती हसली. आई गेल्यानंतर ती पहिल्यांदाच हसली होती. ते हसू बघून बाइंडरने मनात ठरवलं, की पोरीला असं पुस्तक बांधून द्यायचं, की शाळेत कुणाकडे नसेल.

फोरमन त्याचा जुना दोस्त. "शाईचे डाग पडलेले फॉर्म ने," तो म्हणाला, "तसेही रद्दीतच जायचेत." बाइंडरने ढिगातून कमीत कमी डागाचे फॉर्म निवडून काढले. बारापैकी अकरा मिळाले. पाचवा फॉर्म अजून छापलाच नव्हता. कच्च्या प्रतीत चुका निघाल्या म्हणून त्याच्या छपाईच्या प्लेटा दुरुस्तीला गेल्या होत्या, आणि त्या कधी येतील ते कुणी सांगेना. इकडे सुट्टीचा एकेक दिवस चालला होता. बाइंडरने दोन दिवस वाट पाहिली आणि शेवटी दुधाची तहान ताकावर भागवली. गोदामात मागच्या वर्षीच्या पुस्तकाचे काही फॉर्म पडून होते. त्यातला पाचवा त्याने उचलला. पान पासष्ट ते ऐंशी. आकार तोच, अक्षर तेच. राहता राहिलं आतलं गणित, तर ते काय दरवर्षी बदलतं? दोन आणि दोन गेल्या वर्षी चार होते, यंदाही चारच असणार.

पुस्तक झालं मात्र देखणं. दुहेरी दोऱ्याची शिलाई, जाड पुठ्ठा, निळं कापड, वर खुणेची फीत. बिट्टीने ते छातीशी धरलं आणि त्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बैठक मारली. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या आणि उदाहरणं सोडवायची, असा तिचा सपाटा सुरू झाला. पहिले चार फॉर्म तिने तीन आठवड्यांत फस्त केले.

मग एका सकाळी ती पुस्तक घेऊन बापाकडे आली. "बाबा, इथे पुढचं लागत नाही. चौसष्टाव्या पानावर समीकरण अर्धंच सोडवलंय, आणि पुढे एकदम शेकडेवारी सुरू होते. त्याच्यानंतर परत समीकरणं येतात, पण ती मला काहीच कळत नाहीत."

बाइंडरने हात पुसले आणि पानं उलटली. चौसष्ट, पासष्ट. पुढे ऐंशी, एक्याऐंशी. जुना फॉर्म लावल्याचं त्याच्या मनात क्षणभर येऊनही गेलं. पण आकडे जुळत होते, आणि आकडे जुळले की पुस्तक बरोबर, हे तो तेवीस वर्षं धरून चालला होता. "पानं तर बरोबर लागलीत," तो म्हणाला. "पुन्हा वाच. दोनदा वाचलं की कळतं."

"असेल," बिट्टी म्हणाली. "मलाच कळत नसेल."

त्यानंतर तिने कधी विचारलं नाही. बाईंकडे जायचं तर बापाने तोंडावर नको म्हणून सांगितलेलं. ती एक्याऐंशीच्या पुढची पानं नुसती पाठ करत राहिली, डोळे लाल होईपर्यंत. बाइंडर कौतुकाने बघायचा आणि कामावर जाऊन सांगायचा, की पोरगी पुस्तक खाली ठेवत नाही.

चाचणीत बहुतेक उदाहरणं समीकरणांचीच होती. तिला पन्नासपैकी अकरा गुण पडले.

शाळेच्या फाटकाबाहेर बाइंडरचा तोल सुटला. आपण शाळेत केवढ्या ऐटीत बोललो होतो, तेच त्याला जास्त झोंबलं असावं. "सगळ्यांच्या आधी पुस्तक हातात दिलं," तो म्हणाला. "तरी डोक्यात शिरत नसेल तर बापाने करायचं काय? मठ्ठ ती मठ्ठच."

बिट्टी रडली नाही. "हो," एवढंच म्हणाली आणि त्याच्या मागून चालू लागली. दुसऱ्या दिवसापासून ती जुन्या वर्गात, लहान मुलींच्या मागे, शेवटच्या बाकावर बसायला लागली.

बाराव्या दिवशी दुरुस्त केलेला पाचवा फॉर्म छापून आला. बाइंडरने सवयीने वरचा घेतला, आकडा बघितला आणि ठेवणार तेवढ्यात त्याची नजर ओळींवर गेली. शेकडेवारीचा कुठे पत्ताच नव्हता. चौसष्टाव्या पानावर अर्धं राहिलेलं समीकरण इथे पुरं झालं होतं, आणि पुढची सोळाच्या सोळा पानं समीकरणांनीच भरली होती. तो तिथेच रचलेल्या कागदांवर बसला.

बांधलेली नवी प्रत आणि बिट्टीचं निळं पुस्तक घेऊन तो शाळेत गेला. गणिताच्या बाईंनी दोन्ही पुस्तकं चाळली आणि चष्मा काढला. "अहो, पुढचं सगळं या सोळा पानांवर उभं आहे. ती नसताना पोरीने अकरा गुण मिळवले? हुशार आहे हो तुमची मुलगी." मुख्याध्यापिकांनी दोन्ही पुस्तकं स्वतःकडे ओढून पाहिली. मग म्हणाल्या, "तिला महिनाभर बाईंकडे पाठवा. मी पुन्हा चाचणी घेते."

बाइंडर घरी जवळजवळ पळतच आला. बिट्टी खाली बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने तिच्यासमोर बसकण मारली आणि सगळं सांगून टाकलं, काही म्हणून राखलं नाही. "चूक माझी होती. मठ्ठ मी, तू नाहीस. बाई म्हणाल्या, हुशार आहेस."

"त्या दिवशी रागावलात म्हणून तुम्हाला वाईट वाटतंय," बिट्टी म्हणाली. "राहू दे बाबा. मी काही मनात धरलेलं नाही."

"तसं नाही गं. हे बघ. तूच बघ." त्याने दोन्ही पुस्तकं तिच्यासमोर उघडून ठेवली.

तिने बापाचं मन मोडलं नाही. एका पानावरून दुसऱ्यावर बोट फिरवत तिने बराच वेळ पाहिलं, अगदी नीट. मग मान हलवली. "हे वेगळं आहे, एवढं दिसतंय. पण मला हेही कळत नाही आणि तेही कळत नाही. मग काय फरक पडतो?"

"बाई शिकवतील ना. महिनाभर जा फक्त."

"नको बाबा. पुन्हा नापास झाले तर परत तुम्हाला खाली मान घालावी लागेल. मी आहे तिथे बरी आहे. तिथल्या मुली लहान आहेत, माझ्याकडून त्यांची काही अपेक्षा नसते."

बाइंडरने नवं पुस्तक मांडीवर ओढलं, पान पासष्ट काढलं आणि पहिली ओळ मोठ्याने वाचली. मग दुसरी वाचली. तिसऱ्या ओळीला तो थांबला, कारण आता या ओळींचा अर्थ लेकीला समजावून सांगायला हवा होता आणि तो त्याला येत नव्हता. बिट्टीने हातातली घडी तशीच धरून थोडा वेळ वाट पाहिली. मग ती उठली आणि त्याला जेवायला वाढायला गेली.