बिनकपातीचा पगार

एजंटाने न विचारता चहा मागवला, तेव्हाच शहाजीच्या मनात पाल चुकचुकली. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात त्याची तीस वर्षं माथाडी म्हणून गेली होती. शेवटची नऊ वर्षं तर टोळीचा मुकादम म्हणून. व्यापारी कामाचं बोलायच्या आधी चहा पाजायला लागला, की पोत्यांचं वजन जास्त असतं, हे तो अनुभवाने शिकला होता.

शेजारच्या खुर्चीत त्याची मुलगी उत्कर्षा बसली होती. खारघरच्या एका खासगी हॉस्पिटलात ती म्हाताऱ्या पेशंटची देखभाल करायची. पाच वर्षं झाली होती, पगार जागचा हलला नव्हता. मैत्रिणीच्या ओळखीने तिला सानपाड्याचं हे ऑफिस कळलं आणि गेल्याच आठवड्यात ती पासपोर्ट इथे देऊनही मोकळी झाली होती. बापाला मात्र आज आणलं होतं.

"काका, माल्टा म्हणजे युरोपच," मितेश नावाचा तो एजंट सांगत होता. "इटलीच्या खाली छोटंसं बेट. वृद्धाश्रमात काम. इंग्लिश चालतं. आणि सगळ्यात भारी काय सांगू? कटिंग झीरो. टॅक्स नाय, काय नाय. अख्खा पगार हातात."

"कायबी कापत न्हाईत?"

"एक पैसा नाय."

उत्कर्षाचा चेहरा उजळला. दोघं जिना उतरून निघाली. स्टेशनजवळ आल्यावर शहाजी म्हणाला, "ह्यात खोट हाय."

"पप्पा, तुम्हाला सगळ्यातच खोट दिसते. कॉलेजच्या फॉर्ममध्ये दिसली, कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये दिसली. हॉस्पिटलात लागले तेव्हा तुम्ही महिनाभर गेटवर येऊन वॉचमनकडे चौकशी करत होता. सगळे हसायचे मला."

"मग हसू दे की. पन जो मालक कायच कापत न्हाई, त्यानं तुजं नाव तरी कुठं लावलंय का?"

ती झपाझप पुढे चालू लागली. गाडीतही ती खिडकीकडे तोंड करून बसली.

शहाजीच्या डोक्यात त्या वेळी ज्योतिबा होता. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. ज्योतिबा त्याच्याच गावाकडचा, कोरेगावचा. एका व्यापाऱ्याने त्याला माथाडी बोर्डात नोंद न करता कामाला लावलं. "बोर्डाला भरायची लेव्ही नको, भानगड नको, संध्याकाळी रोकडा घे," म्हणाला. ज्योतिबा महिनाभर खुशीत होता. टोळीतल्यांना चिडवायचा, की तुमचे पैसे बोर्ड खातं. मग एका दुपारी बटाट्याच्या पोत्यांची थप्पी अंगावर आली. नोंदणीतल्या माणसाला बोर्डाचा दवाखाना होता, फंड होता. ज्योतिबाच्या वेळी व्यापारी सरळ म्हणाला, हा माणूस माझ्याकडे कामाला नव्हताच. शहाजीनेच त्याला गावच्या एसटीत उचलून बसवलं होतं. त्यानंतर तो कधी नीट चालला नाही.

हे सगळं त्याने रात्री जेवताना उत्कर्षाला सांगितलं. ती ताटातली भाकरी मोडत राहिली.

"ते मार्केट आहे पप्पा, हा युरोप आहे," ती म्हणाली. पण आवाजात आता तेवढा जोर नव्हता.

त्याची बायको सुनयना वाढता वाढता म्हणाली, "अगं, तुमच्यातली ती गेलीय ना तिकडं? आगऱ्यांची. तिला विचार की."

ती म्हणजे मनस्वी. खारघरच्याच हॉस्पिटलातून दोन वर्षांपूर्वी माल्टाला गेलेली. उत्कर्षाने तिला विचारलं नव्हतं, कारण मितेशनेच बजावलं होतं, की तिकडच्या मुलींना सांगू नका, त्या जळतात आणि जागा घालवतात. हे तिच्या तोंडून निघालं आणि तिघंही एकमेकांकडे बघायला लागली.

उत्कर्षाने रात्रीच मेसेज टाकला आणि दुसऱ्या दिवशी मनस्वीचा व्हिडिओ कॉल आला. "कटिंग झीरो?" ती जवळजवळ ओरडलीच. "येडी हायस काय तू? माझा टॅक्स कापतात. सोशल सिक्युरिटीचे दहा टक्के कापतात, तेवढेच मालक त्याच्या खिशातून भरतो. म्हणून तर मागच्या वर्षी मी आजारी पडले तेव्हा सरकारी हॉस्पिटलात फुकट झालं. भरपगारी रजा मिळते, जून आनि डिसेंबरला बोनस मिळतो, तो कायद्यानेच. तुझ्या कागदावर मालकाचं नाव काय हाय?"

उत्कर्षाने कराराची पीडीएफ उघडली. अकरा पानं. मनस्वी फोनवर, शहाजी शेजारी स्टुलावर. वृद्धाश्रमाचं नाव पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात होतं, सोबत समुद्राचा फोटो. पण मालक म्हणून त्याचं नाव कुठेच नव्हतं. सातव्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, की काम करणारी व्यक्ती स्वतंत्र व्यावसायिक समजली जाईल. टॅक्स, सोशल सिक्युरिटीची वर्गणी, औषधपाणी ही तिची स्वतःची जबाबदारी राहील.

"म्हंजे?" शहाजीने विचारलं.

"म्हणजे मी कोणाचीच कामगार नाही," उत्कर्षा सावकाश म्हणाली.

"आनि काका, हितलं कामाचं परमिट मालकाच्या नावावरच निघतं," मनस्वी म्हणाली. "अर्ज मालकच करतो. मालकच नाय, तर परमिट कसलं काढणार हा?"

परदेशात माणसं पाठवणाऱ्या एजंटांची नोंद असते, त्या सरकारी साइटवर उत्कर्षाने मितेशचा लायसन नंबर टाकून बघितला. तिथे तो सापडेना. पासपोर्ट त्याच्याकडे होता.

दोघं सकाळी दहालाच सानपाड्याला पोचली. मितेश हसतमुख होता. "पासपोर्ट? तो तर एम्बसीत गेला, ताई."

"पावती दाखवा," उत्कर्षा म्हणाली.

"ऑनलाइन असते पावती. सर्व्हर डाऊन आहे. टेन्शन नका घेऊ, चहा सांगू?"

"नको," शहाजी म्हणाला. "आमी बसतो. सर्व्हर वर आला की सांगा."

तो सोफ्यावर बसला आणि गुडघ्यांवर पंजे ठेवले. अर्ध्या तासाने नेरुळची एक मुलगी आईबरोबर आली. शहाजीने मोठ्या, मोकळ्या आवाजात त्या बाईंना विचारलं, "ताई, तुमच्या कागदावर मालकाचं नाव काय हाय? आमच्या पोरीच्या कागदावर न्हाईच." बाई थबकली. तिने मुलीकडे पाहिलं, मुलीने फाइल उघडली. मग दोन पोरं आली. शहाजीने त्यांनाही तेच विचारलं, तसंच, रागाचा लवलेश नसलेल्या आवाजात. मितेश दोनदा बाहेर जाऊन फोन करून आला. उत्कर्षा म्हणाली, "पासपोर्ट हरवल्याची तक्रार पोलिसांत द्यावी लागेल. तुमचं नाव घालूनच."

साडेबाराला मितेशने टेबलाचा खण उघडला. पासपोर्ट तिथेच होता, रबरबँड लावलेल्या गठ्ठ्यात. त्या गठ्ठ्यात किती पासपोर्ट होते, ते शहाजीने बघून घेतलं. घरी गेल्याबरोबर त्याने उत्कर्षाला त्या सरकारी साइटवर मितेशविरुद्ध तक्रार भरायला लावली. महिन्याभराने ऑफिसचं शटर बंद दिसलं. दुसरीकडे कुठे उघडलं असेल का, ही शंका मात्र त्याला आजही छळते.

मनस्वीने स्वतःच्या वृद्धाश्रमात उत्कर्षासाठी शब्द टाकला. व्हिडिओवर दोन मुलाखती झाल्या. दिवाळीनंतर करार आला. उत्कर्षा ओळ न् ओळ मराठीत सांगत होती आणि शहाजी मध्येच थांबवत होता. मालक कोण, परमिट कोण काढणार, नोटीस किती दिवसांची, जादा तासांचं काय? सगळ्याला उत्तर होतं. टॅक्स होता, वर्गणी होती, रजा होती. खोट सापडेना तसा तो अस्वस्थ व्हायला लागला.

"तिथं लिफ्ट हाय का? म्हातारी मानसं उचलायची म्हंजे पाठ जाती," त्याने विचारलं.

"आहे पप्पा. पेशंट उचलायचं मशीनपण आहे."

"थंडी लई असंल."

"मुंबईपेक्षा थोडी जास्त."

उत्कर्षाने लॅपटॉप मिटला. "एक खरं सांगा. त्या मितेशचं सगळं खरं निघालं असतं तर?"

शहाजीने मिटलेल्या लॅपटॉपवरून पंजा फिरवला.

"तरीबी कायतरी शोधलं असतं," तो म्हणाला. "माजं चुकलंच ते. तू जाऊ नयेस, असं वाटायचं. सरळ बोलता येत न्हाई, मग मानूस खोट हुडकतो."

"मग आता?"

"आता काय हुडकू? सापडंना."

ती उठून त्याच्या शेजारी येऊन बसली. आत सुनयनाने भाजी फोडणीला टाकली आणि दोघांनाही ठसका लागला.

एप्रिलमध्ये परमिट आलं. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी उत्कर्षा माल्टाला गेली.