दाजींचे चिखलाचे टायर

मूस या थोराड हरणाच्या शिकारीचा आठवडा संपला की आमच्या उत्तर ओंटारिओत दोनच गोष्टी होतात. घरोघरचे फ्रीजर मांसानं भरतात, आणि माझ्या टायरच्या दुकानापुढं गाड्यांची रांग लागते. तोवर हिवाळा कुणाला आठवत नाही. दरवर्षी येतो, तरी दरवर्षी पाहुणा आल्यासारखे दचकतात लेकाचे.

त्या वर्षी रांग मोडून पुढं आले ते आमचे रेआल दाजी. माझ्या थोरल्या बहिणीचे, युगेतताईचे यजमान. नवी कोरी काळी पिकअप, आणि मागच्या हौद्यात चार टायर. टायर कसले, दळायची जाती! एवढाले रुंद, आणि वर मुठीएवढे दात.

"ए साल्या, बाहेर ये! हे चढव," दाजी ओरडले.

दाजी मला साल्या म्हणतात. नात्यानं मी खरंच त्यांचा साला, त्यामुळं रागावताही येत नाही.

मी बाहेर आलो, टायरभोवती एक फेरी मारली. "दाजी, शेत नांगरायला घेतलंय का?"

"हस, हस. दक्षिणेकडच्या शहरातून मागवलेत. बघ दात कसे आहेत! बर्फ चावून खातील."

"बर्फ म्हणजे काय बिस्किट आहे चावायला? हे चिखलाचे टायर आहेत. याचं रबर थंडीत दगड होतं. दगडाला दात असले काय, नसले काय!"

दाजींनी टायरच्या कडेवरच्या अक्षरांवर बोट ठेवलं. "वाच. वाचता येतं ना? एम आणि एस. एम म्हणजे मड, चिखल; एस म्हणजे स्नो, बर्फ. इंग्रजीत लिहिलंय. कंपनीनंच लिहिलंय, बर्फ!"

या दोन अक्षरांनी आमच्या भागात जेवढ्या गाड्या खड्ड्यात घातल्या, तेवढ्या दारूनंही घातल्या नसतील. ती अक्षरं कुठल्याही टायरवर असतात. कुत्र्याच्या गळ्यात वाघ असं लिहून पट्टा बांधला, म्हणून ते काय डरकाळी फोडतं? खऱ्या हिवाळी टायरवर डोंगराचं चित्र असतं, आणि डोंगराच्या पोटात बर्फाचा कण. एवढंच बघायचं. शाळा लागत नाही त्याला. मी सातवीत शाळा सोडली, मला कळतं.

"डोंगर कुठाय, दाखवा," मी म्हटलं.

"डोंगर कशाला हवा? आपल्याकडं सगळं सपाट आहे! आणि गाडी चार बाय चार आहे माझी. चारही चाकं ओढतात."

"ओढतात हो. थांबवतात का?"

"वेदीच्या पेल्या!" दाजी कडाडले. आम्हा इथल्या फ्रेंच लोकांत शिव्या सगळ्या चर्चच्या भांड्यांवरूनच निघतात. "तू चढवणार आहेस की नाही?"

"नाही."

दुसऱ्या कुणाची गाडी असती तर चढवले असते. मरा म्हटलं असतं. पण ती पिकअप घेतलेली होती ताईसाठी. ताईच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार, आठवड्यातून तीनदा तिला नव्वद किलोमीटरवर शहरात डायलिसिसला न्यावं लागायचं. आधी शेजारचा निवृत्त ड्रायव्हर न्यायचा, तो पोराकडं राहायला गेला. आता नेणार दाजी. अकरा नंबरचा हायवे, समोरून ओंडक्यांचे ट्रक, आणि खाली ही जाती.

दाजी तणतणत गेले आणि घरच्या अंगणात स्वतःच जॅक लावून ते टायर चढवून बसले. दुसऱ्या दिवशी अख्खं गाव बघायला. "वा रेआल, काय दिसते गाडी!" दिसते! गाडी काय लग्नाला उभी करायचीय?

गुरुवारी पहिला बर्फ पडला. शुक्रवारी दाजी ताईला घेऊन गेले आणि आले. संध्याकाळी कॉफीच्या दुकानात माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "गेलो आणि आलो, साल्या. कुठं गेलं तुझं डोंगराचं चित्र?" सगळे हसले. मी डोनट खात बसलो. नशिबाला अक्कल म्हणणारी माणसं पुष्कळ पाहिलीत मी.

शनिवारी सकाळी ताईचा फोन. "ओमेर, दहा वाजता चर्चच्या उतारावर ये. तुझी गाडी घेऊन."

"कशाला?"

"ये म्हटलं ना."

ताईला "कशाला?" असं विचारत नाहीत. बापाच्या गॅरेजात ती माझ्याआधी वाढली. मला पाना धरता येत नव्हता तेव्हा ती चाकं काढायची.

गेलो. चर्च टेकाडावर, खाली गाड्या लावायचं रिकामं मैदान. रात्रीत उतार काचेसारखा झालेला. दाजी पिकअपमध्ये बसून इंजिन गुरगुरवतायत. आणि ताई, डोक्याला लोकरीची टोपी, हातावर पट्टी, मैदानात स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची मांडतेय.

"काल हायवेच्या वळणावर गाडी अशी सरकली," तिनं तळहात आडवा फिरवून दाखवला. "हे म्हणतात वारा होता. तू म्हणतोस टायर. दोघांचं ऐकून माझं डोकं उठलंय. आता त्या खुर्चीवर मी बसलेय असं समजा. चाळीसच्या वेगानं उतार उतरायचा, मी काठीला बांधलंय त्या लाल फडक्यापाशी ब्रेक मारायचा, आणि माझ्या अलीकडं थांबायचं."

दाजी आधी वर चढले. चढले मात्र झोकात, ते कबूल करतो. काचेतून मला अंगठा दाखवला. मग वळून खाली आले. फडकं आलं, ब्रेक लागला, चारही चाकं थांबली. गाडी मात्र थांबली नाही. ती आपली शांतपणे, लोण्यावरून सुरी जावी तशी आली आणि खुर्चीवरून पलीकडं गेली. पुढं बर्फाच्या ढिगात तोंड खुपसून उभी राहिली. खुर्चीचे तीन पाय एकीकडं, पाठ दुसरीकडं.

मी एवढा हसलो की खोकला आला. "दाजी! चावला का बर्फ?"

"पुरे," ताई म्हणाली. तिनं मोडक्या खुर्चीची पाठ उचलून त्याच जागी बर्फात रोवली. "आता तू."

"मी कशाला? माझ्या टायरना बर्फ धरणारे खिळे आहेत, ताई."

"मग भितोस कशाला?"

गेलो वर. माझी गाडी जुनी, गंजलेली, पण टायर अरुंद आणि हिवाळी, डोंगरवाले. मनात म्हटलं, आता बघा. फडक्यापाशी ब्रेक दाबला. गाडी धरायला लागली... धरली... आणि मग सुटली. फार नाही. दाजी जेवढे गेले त्याच्या निम्मीसुद्धा नाही. पण खुर्चीची पाठ माझ्या बंपरखाली कडकन मोडली, तो आवाज मी ऐकला.

आता हसायची पाळी दाजींची. हसले, मांड्या बडवून हसले. ताई हसली नाही. ती माझ्या चाकापाशी वाकली, हातमोजा काढून टायरवरचे आकडे बोटानं पुसले.

"ओमेर, हे किती सालचे आहेत?"

"चालतायत अजून..."

"अकरा वर्षांपूर्वीचे. आणि खिळे बघ. निम्मे गळलेत. माझ्या सासूच्या तोंडात दात याहून जास्त होते." ती उठून उभी राहिली, कमरेला हात लावून. "एकानं नव्या रबरानं मारलं, दुसऱ्यानं जुन्या. मेले मी दोन्हीकडून. वर दोघं मिळून मला अक्कल शिकवताय!"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. एकतीस वर्षं गावाच्या गाड्यांना टायर चढवतोय, स्वतःच्या गाडीकडं बघायला वेळ नाही.

तिथून सरळ दुकानात. ताई स्टुलावर बसली, कोटसुद्धा काढला नाही. मी टायर काढून दाखवत गेलो, ती नाकं मुरडत गेली. एकाला नखानं दाबून म्हणाली, "हा कडक." दुसऱ्याला, "हा रुंद, बर्फावर तरंगेल." तिसरा बराच वेळ न्याहाळला. अरुंद, मऊ, डोंगराचं चित्र, आणि नवे कोरे खिळे. "हे."

"मागं दोनच लावू," दाजी म्हणाले. "जोर मागूनच येतो. पुढचे राहू देत ना, दिसायला..."

"आणि मी फक्त मागच्या अर्ध्या गाडीत बसू?" ताई म्हणाली. "वळताना पुढचं चाक कोण वळवणार, तुमचा जोर? चार. आणि चार याच्या गाडीला. गाडी बंद पडली की हाच येतो आपल्याला आणायला."

दाजी पुटपुटले, यावेळी वेदी, पेला आणि प्रसादाचं ताट सगळंच निघालं. मी जॅक आणायला गेलो.

सोमवारी बर्फाची भुरभुर चालू होती. ताईनं मला मागच्या सीटवर बसवलं. "काही झालं तर दोन्ही शहाणे माझ्याबरोबरच जातील," म्हणाली.

चाळीस किलोमीटर सुखरूप गेले. मग एका वळणापलीकडं ओंडक्यांचा ट्रक रस्त्यात आडवा झालेला. दिवे लुकलुकत होते, पण दिसले ते वळण संपल्यावर. दाजींनी ब्रेक मारला. खाली खिळे कर्रकर्र बर्फ खरवडत गेले. पिकअप सरळ रेषेत थांबली. समोरच्या काचेतून ओंडक्यांची टोकं दिसत होती, एकेक वर्तुळ मोजता येईल इतकी.

दाजींचे हात स्टिअरिंगवर तसेच. त्यांनी तोंड उघडलं.

"गप," ताई म्हणाली. "कुणीही काही बोलायचं नाही. हॉस्पिटलात फोन लावा, पंधरा मिनिटं उशीर होईल म्हणावं."

ट्रकच्या कडेनं वाट काढेपर्यंत पंचवीस मिनिटं झाली. ताई आत गेली, नर्सनं तिचा हात धरला, दार बंद झालं. आम्ही दोघं पार्किंगमध्ये उभे. दाजी गाडीभोवती फिरून आले, वाकले, टायरवरचा बर्फ झाडला.

"बारके आहेत रे साल्या," म्हणाले. "एवढ्या मोठ्या गाडीला अगदीच बारके. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत," मी म्हटलं. "चार तास आहे ती आत. चला, कॉफी पाजा."

दाजींनी पाजली. आणि डोनटही दिला.