उजव्या हाताची जागा

रक्त तपासायच्या त्या लॅबमध्ये तिला सगळे 'टाइपराणी' म्हणत. आतून टेक्निशियन आकडे ओरडायचा आणि बाहेर ही, समोरच्या घड्याळाकडे बघत, उजव्या हाताने ते खटाखट ठोकायची. कीबोर्डकडे ढुंकूनही न बघता! एकोणीस वर्षांत एक चूक नाही. जुना कॉम्प्युटर चांगला धोंड्यासारखा जड होता, पण त्याच्या कीबोर्डच्या उजव्या अंगाला आकड्यांचा वेगळा चौकोन होता, आणि तिचा सगळा तोरा त्या चौकोनावर उभा होता.

सोमवारी डॉक्टरांनी तो धोंडा हलवला आणि टेबलावर एक चपटा लॅपटॉप ठेवला.

"ताई, उचलून तर बघा. पिसासारखा!"

"पीस छान आहे हो डॉक्टर, पण आकडे कुठायत?"

"वरच्या ओळीत आहेत की. रोजच्या कामाला एवढा पुरे."

हलका कशाला हवा होता, ते संध्याकाळी कळलं. डॉक्टरांनी लॅपटॉप स्वतःच्या पिशवीत सरकवला आणि शीळ घालत घरी निघाले.

तिचा उजवा हात मात्र सवयीने बाजूलाच जायचा आणि बोटं नुसती लाकडावर आपटायची. आतून टेक्निशियन खिदळायचा, "ताई, टेबलाचं दार कशाला ठोठावताय? आत कुणी नाहीये!"

घरी लेक म्हणाली, "आई, खाली बघून टाइप कर ना! सगळं जग बघूनच करतं."

"मी म्हणजे सगळं जग आहे का गं?"

बुधवारी तिने पदरचे पैसे घालून आकड्यांचा सुटा चौकोन आणला. पण त्याची वायर खुपसायला त्या पिसाला भोक एकच, आणि त्यात चार्जर!

"तुमचं खेळणं काढा ताई," डॉक्टर म्हणाले. "मध्येच बंद पडला तर रिपोर्ट अडकतील."

खेळणं ड्रॉवरमध्ये गेलं. तरी खाली बघायचं नाही म्हणजे नाही, हा तिचा हट्ट. वरच्या ओळीत एकाच्या कुशीत दोन बसलेला असतो. गुरुवारी तिचं बोट जरासं घसरलं.

शनिवारी चित्रकलेचे निवृत्त मास्तर रिपोर्ट घेऊन आले. चेहरा पांढराफटक. "साखर दोनशे आठ? दोन दिवस घास उतरला नाही हो घशाखाली."

टेक्निशियनची नोंदवही उघडून पाहिली. एकशे आठ.

डॉक्टर मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून हसले. "माफ करा हं. आमच्या ताईंचं वय झालंय आता."

ती चव्वेचाळीसची. डॉक्टरांपेक्षा सहा वर्षांनी लहान! तिने तोंड उघडलं. तो चौकोन, ते एकच भोक, ती पिशवी, सगळं जिभेवर आलं होतं. पण समोर मास्तरांचा कागद होता आणि त्यावरचा दोन तिच्याच बोटाचा होता. तिने तोंड मिटलं.

सोमवारी तिने मान खाली घातली. एक आकडा शोधायचा, दाबायचा, मग पुढचा. आत टेक्निशियन थांबून थांबून वाचत होता. 'टाइपराणी' अशी हाक काही आली नाही.

"बघा, जमलं की नाही?" जाता जाता डॉक्टर म्हणाले.

"जमलं," ती म्हणाली.

डाव्या हाताच्या एका बोटाने तिने पुढचा आकडा दाबला. उजवा हात मांडीवर पालथा पडून होता. आता तो टेबल ठोठावायलाही उठत नव्हता.