फिरत्या कपाटाचं दार

साहेब, कागदावर कपाटाचं दार तुम्ही करून टाकलंत. चूक तुमच्या कचेरीची, आणि विटा येऊन पडल्या वाचनालयाच्या पायरीवर!

हे वाचनालय म्हणजे संन्यासिनींचा जुना मठ. बाहेरच्यांना तोंड न दाखवता देवाणघेवाण व्हावी म्हणून त्यांनी रस्त्याकडच्या भिंतीत फिरतं लाकडी कपाट बसवलं होतं. बाहेरून वस्तू ठेवायची, ढकलायचं, की वस्तू आत. संन्यासिनी गेल्या, कपाट ग्रंथपाल बाईंनी कामाला लावलं. पुस्तकावर चहा सांडलेले, पानं फाडलेले, सगळे लाजरे गडी तिथूनच पुस्तकं परत करत. एक वाचक तर दुसऱ्या कुठून यायचाच नाही. साठी उलटल्यावर अक्षरं गिरवलेला इस्त्रीवाला. चारचौघांत पोरांची पुस्तकं मागायची कशी? तो चिठ्ठी ठेवायचा, बाई पुस्तक ठेवायच्या. पानांना येणाऱ्या इस्त्रीच्या वासावरून बाईंनी त्याला केव्हाच ओळखलं होतं, पण कुणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं.

सरकारी इमारती तपासणाऱ्या या साहेबांच्या तक्त्यात रकाने दोनच: दारं आणि खिडक्या. कारकुनाने कपाट दारांत ढकललं. वरून हुकूम सुटला: दार अरुंद, माणूस अडकून गुदमरेल, विटांनी बुजवा.

"वहिनी, थोडक्यात वाचलात," वाचनालयात पुस्तकं बांधणारा बाईंचा धाकटा दीर त्यांना म्हणाला. "रोज त्या दारातून आला असतात तर?"

"भावजी, ती खळ पुस्तकाला लावा. उरली तर तोंडाला."

साहेब जातीने आले, गवंड्याला घेऊन.

"आधी तुम्ही अडकून दाखवा साहेब," दिराने हात जोडले. "मग विटा मीच उचलून देतो."

साहेबांनी टेप लावली. कपाटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे.

"मांजर अडकलं तरी खूप," गवंडी पुटपुटला.

"कागदावर दार आहे म्हणजे दार आहे!"

तेवढ्यात कपाट कुरकुरत फिरलं. पातळसं पुस्तक आलं, वर चिठ्ठी. अक्षरं वेडीवाकडी: 'हे संपलं. आता मोठ्या माणसांचं द्या.'

"कोण आहे बाहेर?" साहेब खिडकीकडे निघाले. बाई आडव्या उभ्या राहिल्या.

"तोंड बघायचं नाही. इथली रीत आहे."

त्यांनी एक जाडजूड कादंबरी ठेवली, कपाट ढकललं, आणि हुकमाचा कागद उलटा करून साहेबांपुढे धरला.

"हे बुजवल्यावर या माणसाने पुस्तक कुठून मागायचं? तोंडी नको, इथे लिहून द्या. हं, घ्या पेन!"