शेंदरीचं मूळ

आश्विनातलं पाचगणीचं ऊन. धुतलेलं, कोवळं, सोनसळी. कृष्णेच्या खोऱ्यातून धुकं हलके हलके वर येत होतं, सिल्व्हर ओकच्या रुपेरी पानांवर क्षणभर विसावत होतं, विरत होतं. पठाराचा काळा कडा न्हाऊन स्वस्थ बसला होता. तांबड्या मातीतून वाफ उठत होती.

त्या मातीसमोर सुनीती गुडघे टेकून बसली होती. हातात खुरपं, आणि मनात एक जुनं, न निघालेलं शल्य.

समोर शेंदरी होती. रोपवाटिकेत तिला गीयम म्हणत. सासूबाईंनी तिला घरचं नाव दिलं होतं. केसाळ, कातरल्या पानांचा भुईलगत पसरलेला घेर. फाल्गुन लागला की त्या घेरातून सडपातळ काड्या उठत, आणि काड्यांच्या टोकांवर रानगुलाबाएवढी फुलं झुलत, ज्योतीसारखी थरथरत. फुलं गळत, काड्या वाळत, पावसात पानं मरगळत. मूळ मात्र जागं राही. दर वर्षी फाल्गुन येई, दर वर्षी शेंदरी येई.

यंदा ती आली नव्हती. एकच काडी, एकच फूल, तेही रक्त आटल्यासारखं फिकट.

सुनीतीने पानं बाजूला सारली आणि तिचा हात थबकला. गड्डा मधोमध मेला होता. काळा, शुष्क, काष्ठवत. कडेचे चार-दोन फुटवे तेवढे हिरवा श्वास धरून होते.

सासूबाई दोन-तीन वर्षांआड हा गड्डा उकरायच्या, हातांनी फोडायच्या, एकेक तुकडा कुणाकुणाच्या ओटीत घालायच्या. “ही वाटली तरच जगते गं,” म्हणायच्या. त्या गेल्या, आणि वाटणं थांबलं.

मागितलं होतं एकीनेच. अंबूने.

अंबू म्हणजे सुनीतीची नणंद, शाळेत मुलांना चित्रकला शिकवणारी, अकाली वैधव्य घेऊन माहेरच्या गावी परतलेली, बाजारामागच्या दोन खोल्यांत राहणारी. बोटांना नेहमी रंग लागलेले. आई गेली त्या वर्षी ती याच वाफ्याशी उभी राहिली होती. “वहिनी, आईच्या शेंदरीचं एक मूळ देशील? दारापुढे लावीन.”

“आत्ताच खत घातलंय, वन्सं. हलवली तर मरेल. पुढच्या वर्षी न्या.”

खत घातलं नव्हतं. घातलं होतं ते फक्त भय. आज मूळ मागेल, उद्या माती मागेल. घर-बाग एकट्या भावाच्या नावावर झाली होती, आणि अंबूने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. तिचं न बोलणंच सुनीतीला दिवसरात्र टोचत होतं, आणि टोचणाऱ्याला कुणी दारात उभं करत नाही.

पुढच्या वर्षी कीड होती. त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस फार होता. मग अंबूने मागणं सोडून दिलं.

आणि मग काचबिंदू आला, चोरपावलांनी, कडेकडेने. आधी त्याने चित्रांच्या कडा नेल्या, मग चेहरे नेले, मग रंग. पिवळा गेला, निळा गेला, शेंदरी गेला. यंदाच्या आषाढात अंबूची दृष्टी पुरती मावळली.

सुनीतीने खुरपं रोवलं. गड्डा वर आला. दोन्ही हातांनी तिने तो फोडला; कड् असा आवाज झाला, आणि तो तिला आपल्याच छातीतून आल्यासारखा वाटला. मेलेलं तिने टाकून दिलं. उरलं त्यातलं सर्वांत सतेज फुटवा तिने ओल्या फडक्यात गुंडाळला आणि बाजाराची वाट धरली. उतरणीची वाट, आणि तिला ती चढणीसारखी लागली.

अंबू पायरीवर उन्हात बसली होती. पावलं ऐकून तिने मान वळवली, किंचित चुकीच्या बाजूला.

“कोण?”

“मी, वन्सं. शेंदरी आणलीय.”

अंबूने हात पुढे केला. बोटांनी पानं ओळखली, पानांवरची लव ओळखली, मुळांची ओली गुंतवळ ओळखली.

“आत्ता, वहिनी?”

एवढंच. सुनीतीला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मी खोटं बोलले होते,” ती म्हणाली. “खत नव्हतं, कीड नव्हती. भ्याले होते मी. तुम्ही घर मागाल म्हणून.”

वाऱ्याने ओकची पानं उलटली, रुपेरी झाली, पुन्हा हिरवी झाली.

“मला आई हवी होती,” अंबू म्हणाली. “घर नको होतं.” मग फडकं परत करत, शाळेतल्या कोरड्या आवाजात, “लाव तिथे, पायरीशी. पाणी साचू देऊ नकोस. आणि फुलली की येत जा. रंग सांगायला.”

सुनीती येत राहिली. पौषात आली, माघात आली. माती हलवली, पाणी घातलं, गुन्हेगारासारखी उभी राहिली, निघून गेली. अंबू बोलायची थोडं. क्षमेचा शब्द तिने काढला नाही, सुनीतीने मागितला नाही.

फाल्गुनात काडी उठली. एके सकाळी फूल उमललं.

“सांग,” अंबू म्हणाली.

“शेंदरीच आहे, वन्सं.”

“ते नाव झालं. रंग सांग.”

सुनीतीने आयुष्यात प्रथमच ते फूल पाहिलं. “राख धरायच्या आधीचा निखारा असतो ना, तसा. पाकळीच्या कडेला जरा उतरलेला, पहाट झाल्यावर समई दिसते तसा. आणि मधोमध केसर, पिवळं, दाट…”

“थांबू नकोस.”

अंबूची बोटं फुलावरून फिरली, केसरात क्षणभर रेंगाळली, मग शोधत, चाचपत सुनीतीच्या चेहऱ्यापर्यंत आली. ओल्या गालाला लागली. तिने ते आसू पुसले नाहीत. हातही मागे घेतला नाही.

सुनीती परत निघाली तेव्हा ऊन माथ्यावर आलं होतं. बाजारातल्या बायका वळून वळून पाहत होत्या. तिच्या उजव्या गालावर पिवळ्या परागांची तीन बोटं उमटली होती. ती चालत राहिली, हळूहळू, मान न वळवता, वाऱ्यापासून तो गाल पदराने जपत, जपत.