वळणावरचा आरसा

जळमटं काढायची लांब काठी आरशाच्या कडेला टेकवून धाकटीने हळूच जोर दिला. खांबावरचा तो गोल आरसा कुरकुरला, जरासा अडला, आणि मग वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारखा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तिने गल्लीच्या दोन्ही अंगांना नजर टाकली. समोरच्या शिंप्याची फळी अजून बंद होती. काठी पाठीशी धरून ती घरात शिरली आणि तिने कडी घातली.

आरसा आल्यापासून हे तिसऱ्यांदा.

शहराला अलीकडे सायकलवाल्यांचा कळवळा आला होता. हमरस्त्यावर त्यांच्यासाठी वेगळा हिरवा पट्टा आखला होता, आणि तो पट्टा पुढे या गल्लीतून बाजाराकडे काढला होता. गाड्यांनी हळू जावं म्हणून उंचवटे घातले, सायकलचं चित्र काढलेल्या पाट्या लावल्या. गल्ली जिथे काटकोनात वळते तिथे पलीकडून येणारं माणूस अंगावर येईपर्यंत दिसत नसे. तिथे हा परातीएवढा फुगीर आरसा बसवला. शिंपी म्हणाला, फार चांगलं झालं. कोपऱ्यावरची मुलं त्यात बघून भांग पाडू लागली.

धाकटीच्या मनात मात्र पहिल्याच दिवशी पाल चुकचुकली होती. ती खिडकीशी भाजी निवडत बसली होती. सहज वर पाहिलं, तर आरशात थोरल्या जावेचा उंबरठा. दारातली कुंडी, कुंडीशेजारी खुर्ची, खुर्चीत खुद्द थोरली, हात मांडीवर ठेवून तोंड नेमकं आरशाकडे करून बसलेली. धाकटीच्या हातातली शेंग तशीच राहिली. आपल्याला ती दिसते, तर तिला आपण दिसणारच.

घर मुळात एकच, बरोबर वळणाच्या पोटात बसलेलं. भावाभावांनी वाटणी केली तेव्हा मधोमध भिंत आली. धाकटीचं दार या गल्लीत राहिलं, थोरलीने आपलं दार वळणापलीकडच्या बाजूला काढलं. धाकटीची लेक तेव्हा शाळेत जात होती. पुढे दोन्ही भाऊ गेले. भिंत राहिली, आणि भिंतीच्या दोन अंगांना दोघी जावा राहिल्या. एकीच्या घरात फोडणी पडली की दुसरीला ठसका लागायचा, एवढाच काय तो व्यवहार.

लोकांच्या घरात भिंतींना कान असतात. या घरात ते थोरलीला होते. घर एक होतं तेव्हा खाली दूध उतू जायच्या बेतात आलं की गच्चीवरून हाक यायची, "अगं, दूध!" आणि धाकटीने नवऱ्यापाशी बंद खोलीत, तेही कुजबुजून, वेगळं राहायचं बोलणं काढलं होतं, ते सकाळच्या चहाआधी सासूच्या कानावर गेलं होतं. कोणी घातलं, हे धाकटीने कधी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात?

आता कान कमी पडले म्हणून की काय, आरसा आला.

दुपारी महापालिकेचा माणूस आला. खांद्यावर शिडी, कमरेला पाना. खांबाकडे बघून त्याने टोपी मागे सारली.

"बाई, पुन्हा फिरला की हो हा!"

"वारा असेल," धाकटी दारातूनच म्हणाली.

"वारा? झाडाचं पान हलत नाही, आणि हा तेवढा मान फिरवतो. बरं, फिरतो तो दर वेळी तुमच्याकडे पाठ करून. मोठा लाजरा वारा आहे तुमच्या गल्लीत."

"मला काय विचारता? मी काय वाऱ्याची राखण करते?"

"नाही हो, विचारतो कुठे? सांगतोय." तो शिडीवर चढला. "आत आटे झिजलेत, पाना लावून भागायचं नाही. आज वेल्डिंगचं यंत्र दुसरीकडे गेलंय, ते आलं की याची मानच पक्की करून टाकतो. तोवर आहे तसा राहू दे, उगाच रोज हेलपाटा नको." चढला तसा तो उतरलाही.

धाकटीने जरा धीर करून विचारलं, "हा मागितला कोणी?"

"तुमच्या पलीकडच्या आजींनी. चार वेळा ऑफिसात आल्या, काठी टेकत. साहेब शेवटी म्हणाले, त्यांना आरसा देऊन टाका, नाहीतर माझी खुर्ची द्या." तो हसला. "आणि गंमत सांगू? आरसा बसवून झाला, मी शिडी आवरतोय, तर मलाच विचारतात, 'बसला का हो?' म्हटलं, आजी, समोर तर आहे."

धाकटी हसली नाही. थोरलीची ही जुनी खोड. सगळं ठाऊक असून भोळेपणाने विचारायचं. आरशात ती दिसली त्या दिवसापासून खिडकीचा जाड पडदा ओढलेलाच होता. आज तिने तो कडेला चिमटे लावून आणखी पक्का केला.

संध्याकाळी लेक आली. चष्म्याच्या दुकानात कामाला होती, जाणंयेणं सायकलवर. सायकल आत घेता घेता ती म्हणाली, "आई, आरसा परत भिंतीकडे बघतोय."

"नट सैल आहे म्हणे."

"नट आपल्याच घरातला दिसतो."

"हे बघ, मला टोमणे मारू नकोस. लोकांनी आपल्या चुलीपर्यंत बघायचं आणि मी गप्प बसायचं?"

"कोणते लोक?"

धाकटीने भिंतीकडे हनुवटी तेवढी उडवली. काहीतरी बोलायला लेकीने तोंड उघडलं, आणि मिटलं. मग हात धुताना, पाठमोरीच म्हणाली, "वळताना काळजात धस्स होतं गं. पाववाल्याची गाडी त्याच वेळेला निघते."

"घंटी वाजवत ये. नाहीतर उतरून ढकलत ये."

पण ताट वाढताना धाकटीची नजर लेकीच्या कोपराकडे गेली. गेल्या वर्षी त्याच वळणावर एका स्कूटरने तिला भिंतीवर घासलं होतं. व्रण अजून तसाच होता.

रात्रभर तिला धड झोप लागली नाही. काय काय आठवत राहिलं. नवी नवरी होती तेव्हा याच गल्लीत थोरलीने तिला सायकल शिकवली होती. दुपारी सासू लवंडली की दोघी दिराची सायकल बाहेर काढायच्या. थोरली सीटला मागून धरून पळायची आणि ओरडायची, "धरलंय गं, धरलंय, तू पुढे बघ!" आणि एके दिवशी वळणाशी आवाज लांबून आला म्हणून धाकटीने मागे पाहिलं, तर थोरली केव्हाच हात सोडून पार शिंप्याच्या दुकानापाशी उभी, पोट धरून हसत. धाकटी धाडकन भिंतीवर. गुडघा फुटला. सगळे म्हणाले, सोडल्याशिवाय सायकल येत नाही. खरंही असेल. पण न सांगता सोडणाऱ्या माणसाचा तिने पुन्हा भरवसा म्हणून धरला नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरली तशी ती पडद्यामागे येऊन उभी राहिली. आरसा फिरलेला पाहून थोरली गप्प बसायची नाही, तो सरळ करायला कधी ना कधी येणारच. आली की रंगेहाथ धरायची. तिने एक चिमटा काढला आणि बोटभर फट केली.

आणि थोरली आलीच. वळणाच्या टोकाशी आधी काठी दिसली, मग हात, भिंत चाचपत पुढे सरकणारा, मग सगळी थोरली. केवढीशी झाली होती! आरशाकडे तिने मानही वर केली नाही. कोपऱ्याला पाठ लावून ती उभी राहिली आणि कान देऊन ऐकू लागली.

माझ्या भिंतीला कान लावून! धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. पायात चपला न घालताच ती दाराशी गेली, कडी काढली. आता विचारायचंच. एवढी वर्षं विचारलं नाही तेही आजच.

तेवढ्यात गल्लीच्या वरच्या अंगाने पाववाल्याची गाडी घरघरत आली. थोरली भिंत सोडून दोन पावलं रस्त्यात आली आणि तिने काठी आडवी धरली. गाडी मात्र ब्रेकचा आवाजही न करता, रोजच्या जागी थांबावी तशी थांबली. पाववाल्याने हॉर्न वाजवला नाही. खिडकीवर कोपर टेकून तो बसून राहिला.

पलीकडून घंटी वाजली. थोरलीने मान कलती केली, आणि मोकळा हात उंच करून वळणापलीकडे हलवला, ये म्हणून. धाकटीची लेक भरधाव वळली. थोरलीच्या खांद्याला हलकेच बोटं लावून ती पुढे आली, आणि दारात आईला पाहून तिने करकचून ब्रेक दाबले.

"गेली ना रे?" थोरलीने पाववाल्याला विचारलं.

"गेली, आजी. दारात पोचली." त्याची नजर दारातल्या धाकटीकडे गेली.

थोरलीने काठी उतरवली आणि भिंत चाचपत ती वळणाआड गेली.

सायकल आत आली. धाकटीने उगीच पाण्याचा तांब्या उचलून दुसरीकडे ठेवला.

"कधीपासून?"

"आरसा पहिल्यांदा फिरला तेव्हापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काकूने शपथ घातली होती. म्हणाली, तुझ्या आईला कळलं तर ती म्हणेल, मीच मुद्दाम आरसा फिरवून चांगुलपणा मिरवतेय."

धाकटीच्या डोक्यात अगदी तेच आलं असतं. तिने ते कबूल केलं नाही.

"पण तिला कळतं कसं, गाडी आली, तू आलीस? दिसतं कसं एवढं?"

"दिसतं कुठे, आई? मीच तपासले डोळे. उजेड कळतो, समोर माणूस आहे एवढं कळतं. आरशातलं तर तिला काहीसुद्धा दिसत नाही, कधीच दिसत नव्हतं. माझं कोपर खरचटलं, त्यानंतर तिने त्याच्यासाठी खेटे घातले."

धाकटीने खिडकीकडे पाहिलं. उरलेले चिमटे पडद्यावर तसेच होते.

सकाळी शिंप्याची फळी उघडली होती, समोरून माणसं जात होती, तरी ती स्टूल घेऊन बाहेर आली. काठीने आरसा ढकलता येतो. ओढून सरळ करायचा तर हातच लागतो. खांबाशी जमीन उतरती होती. ती चढली तसं स्टूल डगमगलं, आणि तिने खांबाला मिठी मारली.

"अहो, पडाल!" शिंपी ओरडला.

वळणाआडून काठीचा आवाज आला.

"कोण आहे तिथे?"

धाकटी खांबाला धरूनच राहिली. मग म्हणाली, "मी आहे, वहिनी."

काठी थांबली. मग पुन्हा टक टक करत जवळ आली. हात चाचपत स्टुलाच्या पायापाशी पोचला, वर सरकला, आणि बैठकीची कड त्याला सापडली.

"आरशाचं बघतेयस?"

"हो."

"बघ. धरलंय."

धाकटीने खाली पाहिलं नाही. खांब सोडून तिने दोन्ही हात आरशाला लावले.