तीन सप्टेंबरचा पाहुणा

इंग्लंडचे सेनापती क्रॉमवेलसाहेब यांचं तीन सप्टेंबरशी काहीतरी होतं. स्कॉटांविरुद्धची डनबारची लढाई त्यांनी १६५० साली त्या दिवशी जिंकली, पुढच्या वर्षी त्याच तारखेला आमच्या वूस्टरची जिंकली आणि पुढे वारलेही त्याच दिवशी. व्यवस्थित माणूस. आमच्या घराच्या वाट्याला त्या तारखेतून एक भूत आलं.

वूस्टरला पडलेला तो स्कॉट शिपाई दर तीन सप्टेंबरला दिवेलागणीला दार वाजवायचा, पाणी प्यायचा आणि विचारायचा, "आज तारीख काय?" आपण म्हणायचं, "तीन. लढाई चालू आहे." मग तो "जायला हवं" म्हणत नदीकडे निघून जायचा. एका वर्षी आजोबा पिऊन पडले होते. उत्तर कुणी दिलं नाही, म्हणून तो आत आला. सकाळी माझा तान्हा काका पाळण्यात थंडगार सापडला.

सन १७५२मध्ये पार्लमेंटनं कॅलेंडर दुरुस्त केलं. दोन सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी एकदम चौदा. मधले अकरा दिवस रद्द. माझे वडील जोसाया चर्चचे कारभारी. खरं बोलणं हा त्यांचा एकमेव षौक. पाळण्यात सहा आठवड्यांचा मी.

"यंदा तो येत नाही," वडील म्हणाले. "त्याची तारीखच सरकारनं काढून टाकली."

"त्याला कळवलंय का सरकारनं?" आई म्हणाली.

"टॅबिथा!"

"अहो, मेलेल्याला कसलं आलंय पार्लमेंट? दोनच्या दुसऱ्या दिवशी तो येणारच. आला की 'तीन' म्हणा. लेकरू आहे पाळण्यात."

"आज चौदा आहे. नसलेली तारीख सांगू कशी?"

"तोंडानं सांगा!"

दार वाजलं. वडलांनी पाणी दिलं. तो प्यायला.

"आज तारीख काय?"

"तीन! तीन!" आई मागून ओरडली.

शिपाई वडलांकडेच बघत राहिला. वडलांनी आईकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं.

"चौदा," ते म्हणाले.

"चौदा? मग लढाई?"

"संपली."

"कोण जिंकलं?"

"तुम्ही नाही."

"मग मला न्यायला कुणीच कसं आलं नाही?"

वडील दारातून बाजूला सरले. शिपाई आत आला. आई चुलीतली तापलेली सळई उपसून पाळण्यापुढे उभी राहिली.

"खबरदार! माझ्या दिराला नेलंस तेवढं पुरे."

"नेलं नाही, बाई. पोर गारठलं होतं म्हणून उराशी धरलं." तो आपल्या हातांकडे बघत होता. "मी मेलोय, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं मला?"

मग त्यानं दोन्ही हात पाठीमागे बांधले, खुर्चीत बसला आणि बुटाच्या टोकानं पाळणा हलवू लागला. सळई विझली, उजाडलं, तरी आई जागची हलली नाही. मी मात्र म्हणे पहिल्यांदाच रात्रभर झोपलो.

तो गेलाच नाही. परत जायला लढाई उरली नव्हती ना! त्या 'चौदा'वरून आई वडलांशी मरेपर्यंत भांडली.

आता मीही थकलोय. पाळणा केव्हाच जळणात गेला. पलंग चांगला ओकचा, जड आहे. तरी अंधारलं की हलकेच डोलू लागतो. थंडी फार पडली की पायथ्याकडून तो विचारतो, "उराशी घेऊ?"

"अजून नको," मी म्हणतो.